तीनदा धुतलेली पळी

माझ्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी, सध्या एक पांढरी पळी ठेवलेली आहे. एनॅमलची, लांब लाकडी दांड्याची, कडेचे दोन टवके उडालेली. घरी येणाऱ्याची नजर तिच्यावर जातेच. वरणाची पळी पुस्तकांत कशाला, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, गावड्यांची आहे. यापुढे मला सहसा बोलवत नाही.

सीताराम गावडे गेल्या श्रावणात गेले. दिवस झाल्यावर लालबागच्या त्यांच्या खोलीत मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही पळी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “हेंनी सांगान ठेवलेला, सायबांका देवा म्हणान.”

मी पालिकेत डासांच्या खात्यात होतो. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन लागलो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. गावडे माझ्या हाताखालचे कामगार, असं हजेरीपुस्तकात लिहिलेलं असे. प्रत्यक्षात मी त्यांच्या हाताखाली शिकलो. लोक आम्हा दोघांनाही ‘मच्छरवाले’ म्हणत. दार उघडणारी मुलं आत वळून ओरडत, “आई, मच्छरवाले आले!” मग आतून पिंपं झाकल्याचे आवाज येत.

आमचं काम सांगायला सोपं आहे. डास मारण्यापेक्षा तो होऊ न देणं बरं. डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्यातून अळी होते, अळीचा कोष होतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं कोरडं केलं, टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला धड शिडी ठेवली, की आमचा माणूस पाच मिनिटांत तपासून परत जातो. पळी बुडवायची, पांढऱ्या बुडावर पाणी स्थिर होऊ द्यायचं आणि बघायचं. अळी असेल तर काळसर दोऱ्यासारखी वळवळते.

अळी सापडली की सूचनापत्र. लोक त्याला नोटीस म्हणतात आणि ती हातात पडताच वकील शोधू लागतात. खरं तर त्या कागदावर चारच गोष्टी असतात: कुठे, काय सापडलं, काय करायचं आणि किती दिवसांत. तेवढं करावं, विभाग कार्यालयात साधं पत्र द्यावं आणि फेरतपासणीला बोलवावं. निरीक्षक येतो, बघतो, शेरा मारतो, कागद बंद होतो. हे न करता मुदत घालवली तर खटला होतो. मग बहुतेक मालक दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहून “मान्य” म्हणतात, दंड भरतात आणि सुटलो म्हणून घरी येतात. पण दंड भरल्याने टाकीला झाकण बसत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा दारात असतो.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. गिरगावात एका वकिलांनी दिवाणखान्यातल्या बांबूच्या रोपाच्या भांड्यातली अळी पाहून “हे माशाचं पिल्लू आहे” असा युक्तिवाद केला. गावडे शांतपणे म्हणाले, “ठेवा साहेब. मोठा झाला की कालवण करू.” दादरला एक आजोबा पक्ष्यांसाठी गच्चीत मातीची थाळी ठेवत. मी पाणी ओतलं तसे चिडून म्हणाले, “डास काय, पक्षीच नव्हे का? त्यालाही पंख आहेत.” रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ताडपत्रीच्या प्रत्येक घडीत पाणी असायचं, आणि तिथला मुनीम आम्ही दिसलो की स्वतःच ताडपत्री झटकून आम्हाला भिजवायचा.

गावड्यांचे या सगळ्यांत काही नियम होते. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, सावली पडली की अळी तळाला जाते. एकाच जागी पळी बुडवून निकाल द्यायचा नाही, चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागा बघायच्या. अळीचं पाणी गटारात ओतायचं नाही. “गटारात ओतलं तर तिनं बिऱ्हाड बदललं, एवढंच,” ते म्हणत. कोरड्या, तापलेल्या फरशीवर ओतायचं. आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याआधी पळी नळाखाली तीनदा धुवायची. मला हा शेवटचा नियम देवळातल्या आचमनासारखा वाटे. त्यात काही शास्त्र असेल, असं माझ्या पदवीला वाटलं नव्हतं.

आता कर्णिकबाईंबद्दल.

हिंदमाता सिनेमाच्या मागच्या एका गल्लीत त्यांची दोन मजली इमारत आहे. वर त्या एकट्या, बाकी सगळे जुने भाडेकरू. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या शिक्षिका. त्यांची टाकी मी नव्या निरीक्षकांना दाखवायला नेत असे. झाकण घट्ट, कुलूप तेल घातलेलं, शिडीला दरवर्षी रंग, आणि टाकी धुतल्याची तारीख गच्चीच्या दाराच्या आत खडूने लिहिलेली. किल्ली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

एका वर्षी गणपतीत त्यांच्या तळमजल्यावरच्या राण्यांच्या मुलीला, पूर्वाला, डेंग्यू झाला. मुलगी अकरा वर्षांची. आई-वडील दोघे नोकरीला, त्यामुळे ती शाळा सुटल्यावर कर्णिकबाईंकडेच असायची. तिथेच जेवण, तिथेच गणितं, आणि कितीदा तिथेच झोप. इस्पितळातून आमच्याकडे रुग्णाचा पत्ता आला, की आसपासची प्रत्येक इमारत तपासावी लागते. पण गणपतीत आमचं खातं निम्मं रिकामं असे. कामगार बहुतेक कोकणातले. डासांचा ऐन मोसम आणि त्यांच्या गणपतीचा मुहूर्त दरवर्षी एकत्र येतो, आणि त्यांची रजा नाकारणारा अधिकारी अजून जन्मलेला नाही. गावडेही सावंतवाडीकडे गावी गेले होते. जाताना पळी माझ्या टेबलावर ठेवून गेले. खात्याची फुटली म्हणून त्यांनी स्वतः लालबागच्या बाजारातून आणलेली, हीच पळी.

मी एकटाच निघालो. शेजारच्या चाळीत एका बंद खोलीबाहेर उघडं पिंप होतं. बिऱ्हाड गावी गेलेलं, पाणी भरून ठेवलेलं. पळी बुडवली तर अळ्याच अळ्या. पिंप ओतून रिकामं करवलं. घाई होती, मुलगी इस्पितळात होती, कार्यालयातून फोन येत होते. पळी ओलीच पिशवीत टाकली आणि दहा पावलांवरच्या कर्णिकबाईंकडे गेलो. इमारत शांत होती, निम्मी बिऱ्हाडं गावाला, राणेवहिनी इस्पितळात. बाईंनी किल्ली दिली आणि माझ्या मागोमाग गच्चीवर आल्या. मी शिडी चढलो, झाकण उघडलं, पळी बुडवली आणि वर काढली.

तिच्यात दोन अळ्या होत्या.

“माझ्या टाकीत?” बाई खालून म्हणाल्या. “परत बघा.”

“बघायला कशाला हवं, बाई? ह्या काय, समोर आहेत.”

मी पळी खाली धरली. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि वाकून बराच वेळ पाहिलं. मी तिथेच सूचनापत्र लिहिलं, टाकी ताबडतोब रिकामी करायला सांगितलं आणि खात्याचं माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. रोगाचं मूळ एका फेरीत सापडलं होतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. पूर्वाचा ताप उतरत नव्हता, आणि राणेवहिनींना कुणीतरी इस्पितळातच जाऊन सांगितलं की मालकिणीच्या टाकीत डास निघाले. त्यांना दोष कसा द्यायचा? दिवसभर मुलीच्या उशाशी बसलेल्या बाईला कुणावर तरी राग धरायला मिळाला होता. इमारतीतल्या लोकांनी टाकीचं पाणी पिणं सोडलं. गौरीच्या हळदीकुंकवाला कर्णिकबाईंकडे एकही सवाष्ण चढली नाही.

नोटीस मिळाली की लोक त्याच संध्याकाळी टाकी धुवून काढतात. कर्णिकबाईंनी धुतली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर झाकणाखाली, टाकीच्या तोंडावर, जुन्या मलमलीच्या पातळाचा दुहेरी तुकडा ताणून सुतळीने करकचून बांधलेला. वर कुलूप.

“हे काय, बाई? टाकी रिकामी करा म्हटलं होतं.”

“तुमच्याच पत्रकात लिहिलंय,” त्यांनी माहितीपत्रक पुढे केलं. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. “आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. कापडातून डास बाहेर जाऊ शकत नाही. अळ्या असतील तर दहा दिवसांनी डास कापडाखाली दिसतील. दिसले तर मी काय हवं ते मान्य करीन.”

“पण मुदत संपली तर मला खटला पाठवावा लागेल.”

“पाठवा.”

माझ्या वरिष्ठांनी मला समजावलं, “बाईंना सांगा, उभं राहून मान्य म्हणायचं. दहा मिनिटांचं काम आहे.” मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. बाई म्हणाल्या, “मान्य म्हणजे काय मान्य? पूर्वा माझ्यामुळे आजारी पडली, हे? ते मी सही करून देणार नाही. तुमचा दंड कितीही लहान असू दे.”

दहाव्या दिवशी सकाळी गावडे गावाहून आले. मोदकांचा डबा टेबलावर ठेवला, आणि मी सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत होते. मग म्हणाले,

“साहेब, किती वेळा बुडवलीत?”

“एकदाच. पहिल्याच खेपेला सापडल्या.”

“आणि त्याच्या आधी खंय होतात?”

“शेजारच्या चाळीत. तिथे तर पिंपभर—”

गावड्यांनी आवाज खाली आणला. “रागावू नका हां. पळी धुतलात?”

वर्गात न आलेल्या उत्तरासाठी उभं राहिल्याचं मला फार वर्षांनी आठवलं.

आम्ही लगेच गेलो. कर्णिकबाईंनी किल्ली दिली. गावडे शिडी चढले, सुतळीची गाठ सोडली, कापडाची एक बाजू अलगद उचलून आत विजेरी मारली. मग पळी मागितली. चार कोपरे, मध्य. परत चार कोपरे, मध्य. कापडाची आतली बाजू त्यांनी उन्हात धरून इंच इंच पाहिली. डास नव्हता, अळी नव्हती, कोष नव्हता, अळीने टाकलेली कातसुद्धा नव्हती. खाली उतरून त्यांनी बाईंना हात जोडले.

“बाई, ह्या पाण्यान देवाक आंघोळ घातली तरी चालात.”

बाई रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कापडाची घडी घातली आणि म्हणाल्या, “चहा टाकते.”

मी सूचनापत्र मागे घेण्याचा अहवाल लिहिला. वरिष्ठ कुरकुरले, अशी पद्धत नाही म्हणाले, पण सही झाली. त्या अहवालात मी लिहिलं होतं: ‘उपकरण पूर्णतः स्वच्छ नसल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ उपकरण कुणाच्या हातात होतं, हे त्या वाक्यात नव्हतं. मला मराठी बरी येते, याचा मला तेवढा एकदाच असा उपयोग झाला आणि तो मला आजही टोचतो.

कागद पोचवायला गेलो तेव्हा पूर्वा बरी होऊन घरी आली होती. तळमजल्याच्या खिडकीत बसली होती. बाईंनी कागद वाचला, खणात ठेवला.

“कागद आला,” त्या म्हणाल्या. “पोरगी नाही आली.”

जिन्यात मला कारण ऐकू आलं. “वर ओळख असणार,” कुणीतरी म्हणत होतं. “नोटीस अशी कधी परत जाते काय?” कागद मागे घेतल्याने बाईंचं नाव धुवून निघालं नव्हतं, उलट त्यावर दुसरा डाग पडला होता. मी हे गावड्यांना सांगितलं. ते विचार करून म्हणाले, “साहेब, कागद वरच्या लोकांसाठी. खालच्यांका बोलून सांगूक होया.”

दसऱ्याला त्या इमारतीत दरवर्षी अंगणात सत्यनारायण असतो. पहिला नारळ मालकिणीच्या हातून फुटे. त्या वर्षी त्यांना बोलवायला कुणी वर गेलं नाही. बाई वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिथले भाडेकरू मालवणकडचे. त्यांच्यात अशा वेळी गाऱ्हाणं घालतात. कुणी वडीलधारा देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दरवर्षी गाऱ्हाणं घालणाऱ्या तिथल्या तात्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी गावड्यांना बोलावलं. गावड्यांचं गाऱ्हाणं लालबाग-परळात नावाजलेलं होतं. त्यांनी मला ओढून नेलं. मी गिरगावचा, कधी ऐकलं नव्हतं.

गावडे टोपी घालून उभे राहिले आणि त्यांचा आवाज बदलला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां हंय जमली हत. ह्या राण्यांच्या चेडवाचा दुखणा तू बरा केलंस!”

“व्हय म्हाराजा!”

“आता आमची एक चूक तुझ्या कानार घालतंय. आमची पळी धुवची रवली. शेजारच्या पिंपातली अळी पळयेतसून ह्या टाकयेत गेली, आणि बोल लागलो तो बाईंका. ती टाकी निर्मळ होती रे म्हाराजा!”

जमलेल्यांचा आवाज क्षणभर अडखळला. पण गाऱ्हाण्यात ‘व्हय’ म्हटलं नाही असं होत नाही. सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

“बाईंनी दहा दिवस कापड बांधून तुझी वाट बघितली. कोणाच्या मनात काय किडो-मुंगी रवली आसात, तर ती आज हंयच झाडून टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

यावेळी राणेवहिनींचा आवाज मला वेगळा ऐकू आला. त्या डोळे पुसत उठल्या, पूर्वाचा हात धरला आणि जिना चढून वर गेल्या. काय बोलल्या ते कळलं नाही. थोड्या वेळाने तिघी खाली आल्या. “काकी, नारळ तुम्हीच फोडायचा,” वहिनी म्हणाल्या. बाईंनी नारळ हातात घेऊन पूर्वाकडे पाहिलं. “आधी सांग, सतरा नव्वे?” पूर्वा म्हणाली, “एकशे त्रेपन्न,” आणि नारळ फुटला.

मी तिथेच उभा होतो. ‘आमची पळी’ म्हणजे कुणाची, हे मला तेव्हा बोलता आलं असतं. मी प्रसादाचा द्रोण धरून गप्प राहिलो.

परतताना मी म्हटलं, “गावडे, तुम्ही तर गावी होतात. चूक माझी होती.”

“पळी माझीच ना, साहेब?”

“हात माझा होता.”

“व्हय. पण तुमका अजून ह्याच गल्लीत कागद द्यायचे हत. तुमच्या कागदाक वजन रव्हाक होया. माझा काय, मी पळीवालो.”

त्यानंतर कित्येक वर्षं, आम्ही त्या इमारतीत शिरलो की तळमजल्यावरून कुणीतरी ओरडे, “काय गावडे, पळी धुतलात ना?” मुलं, बायका, तात्या, सगळे. गावडे हसून पळी उंच करून दाखवत. “तीनदा, तीनदा!” मीही हसायचो. दरवेळी मला वाटे, आज सांगावं. गावडे डोळ्यांनीच नको म्हणत, आणि मला ते नको फार सोयीचं होतं.

पळी घरी आल्यावर काही दिवस मी तिच्याकडे नुसता बघत होतो. मग एका सकाळी ती पिशवीत घालून हिंदमातेला गेलो. इमारत तशीच, बाई थकलेल्या. पूर्वा आता नोकरीला लागली आहे, रविवारी अजून जेवायला वर येते म्हणाल्या. गावडे गेल्याचं त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, “बाई, त्या दिवशी पळी धुवायची राहिली ती गावड्यांकडून नाही, माझ्याकडून. ते गावाला होते.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या मुलाने उशिरा का होईना उत्तर बरोबर दिलं, तर शिक्षक बघतात तसं.

“मला ठाऊक नव्हतं का? किल्ली मीच दिली होती तुमच्या हातात. एकटेच आला होता.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“गावडे एवढं देवासमोर उभं राहून बोलले. ते मी कशाला मोडू? आणि म्हटलं, तुम्ही केव्हातरी सांगालच.” मग त्या म्हणाल्या, “बराच वेळ घेतलात.”

मग त्यांनीच विषय बदलला. “पळी आणलीच आहे, तर टाकी बघून जा. हल्लीचे निरीक्षक खालूनच विचारून जातात. किल्ली खिळ्याला आहे.”

किल्ली घेतली. मोरीतल्या नळाखाली पळी धरली. पाणी तिच्या टवक्यांवरून ओघळत होतं. ओली पळी झटकून मी निघालो, तशा बाई दारातून म्हणाल्या,

“दोनदाच झाली.”

मी परत वळलो आणि ती तिसऱ्यांदा धुतली.